ठराव क्रमांक नऊ

अल्का स्वतःचाच माफीनामा टाइप करत होती. हिरालाल खुर्चीमागं उभे राहून मजकूर सांगत होते आणि ती टाइप करत होती, कारण संस्थेत टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतंच.

“लिही. मी खाली सही करणारी अल्का प्रफुल्ल रामटेके, संगणक ऑपरेटर…”

“संगणक चालक लिहू का?”

“चालक नको. ट्रकवाली वाटन. ऑपरेटरच लिही.”

तिनं ऑपरेटर लिहिलं. डिसेंबरची सकाळ होती, तलावावरून गार वारा येत होता आणि हिरालालनी मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला होता. भिवाटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे ते तीस वर्षं सचिव होते. अर्ज आणि ठराव त्यांच्या तोंडून शुद्ध सरकारी मराठीत बाहेर पडत. बाकी सगळं झाडीबोलीत चाले. आता त्यांनी डोळे मिटले आणि पुढचं वाक्य जुळवलं.

“…असे लिहून देते की, दिनांक चोवीस नोव्हेंबर दोन हजार बारा रोजी संगणकातील तांत्रिक बिघाड व माझी नजरचूक यामुळे सतरा महिला सभासदांची नावे यादीतून कमी झाली. सबब…”

अल्काची बोटं ‘तांत्रिक बिघाड’ मुकाट्यानं ओलांडून गेली. ‘माझी’पाशी येऊन थांबली.

“बाबूजी, चोवीस तारखेला मी इथं नव्हतीच.”

“मालूम आहे मले.”

“मी गोंदियाला होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

“मालूम आहे म्हणलं ना.”

“मंग माझी नजर इथं कशी चुकली?”

हिरालाल हसले नाहीत. ते बाजूला आले, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले आणि आवाज उतरवून बोलू लागले.

“देख बेटा. परवा आमसभा आहे. बाया बोंबलून राहिल्या. कोनाचं ना कोनाचं नाव घ्या लागन. तुनं सही केली का मी सभेत म्हनतो, पोरगी नवीन आहे, चुकली. नावं पुढच्या वर्षी पाहू. तुई नोकरी कुठी जात नाही. अध्यक्ष केवळरामचा शब्द आहे.”

“पुढच्या वर्षी? निवडणूक तर याच महिन्यात आहे.”

“म्हनूनच.”

इतकं सरळ उत्तर दिल्यावर त्यांचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. अल्कानं माउस हातात घेतला, पूर्ण मजकूर निवडला आणि पुसून टाकला. पडद्यावर पांढरं पान राहिलं.

“काऊन पुसलं?”

“खोटं होतं.”

“परत लिहा लागन.”

“लिहा ना तुम्ही. पत्ते खेळता ना रोज दुपारी याच्यावर? माउस तर चांगला येतो तुमाले.”

या माणसाशी ती आजवर अशी बोलली नव्हती. हिरालाल उठले, टेबलावरची स्वतःची पिशवी उचलून काखेत मारली आणि दाराशी जाऊन थांबले.

“उद्या सांजेपर्यंत सही पाहिजे. नाही तं परवा मी काही नाही करू शकत तुयासाठी.”

ते गेले तरी अल्का बराच वेळ पांढऱ्या पानाकडं पाहत बसली. ‘तुयासाठी’ हा शब्द तिला टोचला होता, आणि तो टोचला याचं कारण तो खोटा नव्हता. तीन वर्षांपूर्वी या खुर्चीवर तिला बसवलं होतं ते हिरालालनीच. ढिवरांच्या संस्थेत बौद्धांची सून कशाला, असं चारचौघांत बोललं गेलं होतं. तेव्हा हिरालाल भर बैठकीत म्हणाले होते की मासोळी जात पाहून जाळ्यात येत नाही आणि कॉम्प्युटरही जात पाहून चालत नाही. त्या वाक्यावर तिला नोकरी मिळाली होती. उपकार विसरणाऱ्यांतली ती नव्हती. गोची तिथंच होती.

दुपारी पार्वताबाई आली. आली म्हणजे चौकट भरून उभी राहिली. साठीची, काळी, धिप्पाड बाई. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून डोंगा ती स्वतःच वल्हवत होती. नवरा गेला की त्याचं सभासदत्व बायकोच्या नावावर चढतं, हा संस्थेचा जुनाच रिवाज. अशा सतरा बायका होत्या. यादीत ज्याचं नाव, त्याचंच जाळं पाण्यात, हाही तितकाच जुना रिवाज. त्यामुळं गेले दहा दिवस सतरा डोंगे काठावर पालथे पडले होते. यंदा या बायकांची मतं अध्यक्ष केवळरामला मिळणार नव्हती, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. गेल्या हंगामात त्यानं कोणाला न विचारता तलावाचा खोल भाग बाहेरच्या ठेकेदाराला दिला, तेव्हा सभेत उठून त्याला जाब विचारणाऱ्या ह्याच होत्या.

“काऊन वो अल्का,” पार्वताबाई म्हणाली, “मी मेली का?”

“असं काऊन म्हणता, मावशी?”

“माह्या बुढ्याचं नाव यादीतून काढलं तवा तो मेला होता. आता माहं काढलं. मंग मी जित्ती कशी?”

अल्कानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

“नावं परत येतील,” अल्का म्हणाली. “जुनी यादी माझ्याजवळ आहे.”

“ते येतीन तवा येतीन. काढले कोनं?”

“पाहून राहिली मी.”

“पाहून राहिली का लपवून राहिली?”

अल्कानं कळफलकावरची धूळ पदरानं पुसायला घेतली. तिथं धूळ नव्हती, रोज सकाळी ती स्वतःच पुसत असे. पार्वताबाईनं ते पाहिलं आणि निघून गेली.

कोणी काढली हे अल्काला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लपवत होती ती आपला स्वतःचा भाग.

दोन वर्षांपूर्वी सहकारी संस्थांच्या ऑपरेटरांसाठी गोंदियाला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. बाकीचे जेवणानंतर डुलक्या काढत होते. अल्का पहिल्या रांगेत बसून वही भरत होती. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं, धोका तीन प्रकारे अडवायचा असतो. एक, होऊच द्यायचा नाही. दोन, झालाच तर कळला पाहिजे. तीन, कळल्यावर सावरता आला पाहिजे. अल्काला यात नवं काहीच वाटलं नाही. तिची सासू दुधाच्या बाबतीत हेच करत आली होती: पातेल्यावर झाकण, मांजरीच्या गळ्यात घुंगरू, आणि त्यातूनही मांजर प्यालीच तर शिंक्यावर वेगळं काढून ठेवलेलं तांब्याभर. नवं इतकंच, की हे कॉम्प्युटरलाही लागतं.

परत आल्यावर ती हात धुऊन संस्थेच्या मागं लागली. खोलीच्या दाराला साधी कडी होती, तिथं कुलूप आलं. सचिवांचं लॉगिन वेगळं, तिचं वेगळं; यादी पाहायची ती दोघांनी, बदलायची ती फक्त तिच्या लॉगिननं. सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या, गोंदियाजवळच्या कुडव्याच्या माणसाला तिनं इतके फोन केले की शेवटी त्यानं कंटाळून त्यात नोंदवही घालून दिली: कोण आत शिरलं, किती वाजता, काय केलं. दर शनिवारी ती यादीची सीडी काढून घरी नेई आणि तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवी, कारण घरात उंदीर होते, पाहुणे होते, आणि कोठीत हात घालणारी ती एकटी होती.

एवढ्यावर थांबली असती तर ती अल्का कसली. कुलपं लावून भागत नाही, माणसांना नियम लागतो, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. म्हणून तिनं ठराव लिहून आणला. संस्थेत कोणीही आपला पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये व दुसऱ्याचा वापरू नये. देणारा व वापरणारा दोघांसही आमसभेने कामावरून कमी करावे. यात सचिवापासून चपराशापर्यंत सर्व आले. केवळराम सभेत म्हणाला होता, “कॉम्प्युटरपेक्षा ही बाईच जास्त पासवर्ड मांगून राहिली,” आणि सभा खो खो हसली होती. हसता हसता ठराव मंजूर झाला, चहा आला, आणि हिरालालनी आपल्या वळणदार अक्षरात तो इतिवृत्तात उतरवला. ठराव क्रमांक नऊ.

आणि चोवीस नोव्हेंबरला दुपारी, गोंदियाच्या दवाखान्यात, आईच्या डोळ्यावरची पट्टी धरून उभी असताना फोन वाजला होता.

“बेटा, साहेब येऊन बसले आहे. यादी छापून पाहिजे. माहा पासवर्ड चालून नाही राहिला. तुया सांग.”

नाही म्हणता आलं असतं. ‘साहेबांना सोमवारी या म्हणा’ असं म्हणता आलं असतं. पण ज्यानं भर बैठकीत आपली बाजू घेतली, बापाच्या वयाच्या त्या माणसाला दवाखान्याच्या गर्दीतून कोण म्हणतं, की बाबूजी, ठराव क्रमांक नऊ? मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हे तिला कोणत्याही प्रशिक्षणाच्या आधीपासून शिकवलेलं होतं. तिनं एकेक अक्षर फोडून सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही.

सोमवारी येऊन तिनं पासवर्ड बदलला. तोवर सतरा बायका यादीतून गेल्या होत्या.

शनिवारी तिनं सही केली नाही. हिरालाल दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं टेबलावर पाहिलं आणि गेले.

“सांगून दे ना का चिठ्ठीवर लिहून होता पासवर्ड,” संध्याकाळी प्रफुल्ल म्हणाला. तो शाळेच्या पोरांची ऑटो चालवायचा. अंगणात बसून चाकात हवा भरत होता. “टेबलावर चिठ्ठी होती, कोनं तरी पाहिली. किस्सा खतम. तू बी वाचली, बायाईले बी नावं भेटले.”

“चिठ्ठी नव्हती.”

“कोनाले मालूम?”

“मले.”

प्रफुल्लनं पंप खाली ठेवला. “नोकरी गेली तं? इथून देवरीपर्यंत चौकशी केली होती आपन. ऑपरेटरची एक जागा नाही भेटली. याद आहे ना?”

“याद आहे.”

“मंग कायले मोठेपणा करून राहिली? नावं आणून दे, आन गप बस.”

“मी गप बसली तर ते म्हणतील मशीन बिघडलं. मशीन बिघडलं म्हटलं की कोणीच काही केलं नाही. पुढच्या वेळी परत बिघडंन.”

“तुया बापाचं काय जाते?”

तिला राग आला. बापाला मध्ये आणलं म्हणून नाही. प्रश्न बरोबर होता म्हणून. तिचं खरंच काय जात होतं? ती ना त्या गावच्या पाण्यात उतरणारी, ना त्या जातीची, ना मताची धनी. पण ठराव तिनं लिहिला होता आणि पहिल्यांदा मोडलाही तिनंच. पार्वताबाईपुढं कळफलक पुसत बसण्याची जी लाज तिला काल वाटली होती, ती घेऊन महिन्याच्या महिन्याला त्याच खुर्चीवर बसायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

“माझी इज्जत जाते,” ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, तेव्हा प्रफुल्ल कोठीपाशी उकिडवा बसला होता. एक हात खांद्यापर्यंत तांदळात होता. त्यानं सीडी बाहेर काढली, बनियनला पुसली आणि तिच्यापुढं धरली.

“नवेगावले छापून आनू आताच,” तो म्हणाला. “उद्या संस्थेतला प्रिंटर बी बिघडंन.”

रविवारी सकाळी माल उतरवायच्या शेडमध्ये सभा भरली. पुढं सतरंज्यांवर पुरुष, मागं भिंतीला टेकून बायका. बायकांना तिथं बसायचा हक्क होता की नाही हाच प्रश्न होता, पण पार्वताबाईला ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. टेबलामागं केवळराम, त्याच्या शेजारी इतिवृत्ताचं मोठं रजिस्टर उघडून हिरालाल. टेबलाच्या एका कडेला कॉम्प्युटरवाली म्हणून अल्का.

केवळराम गोंदियाच्या सभा पाहून आलेला माणूस होता. त्यानं आधी सगळ्यांना हात जोडले.

“भाइयों और बहनों, यादीत गडबड झाली. मशीन आहे, मशीन बिघडते. टेक्निकल प्रॉब्लेम. त्याच्यावर राजनीती करू नका. पुढच्या वर्षी पूरी जांच करून…”

“जांच झाली आहे,” अल्का उभी राहून म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. तिनं पिशवीतून छापील कागद काढले.

“ही सतरा नोव्हेंबरची यादी. दर शनिवारी मी एक प्रत ठेवते. आधी ही वाचते.”

कोणी हो किंवा नाही म्हणायच्या आत तिनं वाचायला सुरुवात केली. पूर्ण यादी नाही, फक्त सतरा नावं. “अनुक्रमांक अकरा, शकुंतलाबाई.” मागून आवाज आला, “हाव.” “अनुक्रमांक एकोणीस, रुख्माबाई.” “हाव.” शाळेतल्या हजेरीसारखं सुरू झालं म्हणून पुढची काही पोरं हसली. पाचव्या नावापर्यंत हसू थांबलं. सतरावं नाव पार्वताबाईचं होतं. ती ‘हाव’ म्हणाली नाही. “जित्ती आहो,” असं म्हणाली.

शेडमध्ये कुजबूज वाढली. केवळराम खुळा नव्हता. वारा कुठून येतोय हे पाण्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तो ताबडतोब उठला आणि टाळी वाजवली.

“बहुत अच्छा! हेच पाहिजे होतं आपल्याले. जुनी यादी भेटली, विषय संपला. सतराही जणी आजपासून सभासद. बसा, बसा. सचिवजी, लिहून घ्या, सर्वानुमते मंजूर.”

हिरालालनी लिहून घेतलं. बायकांत कोणीतरी हसलं, कोणीतरी नाक ओढलं. काठावरचे डोंगे आता सुलटे करता येणार होते. इथं थांबलं असतं तरी चाललं असतं, आणि अल्काचे पाय थांबू पाहत होते. तिनं टेबलाची कड धरली.

“मशीन बिघडलं नव्हतं,” ती म्हणाली.

“झालं ना आता, बाई.”

“नाही झालं. मशीनमध्ये नोंद राहते. चोवीस तारीख, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. यादी छापल्याची एकही नोंद नाही. नाव कमी केल्याच्या सतरा आहेत. एकेक करून काढली आहेत, वीस मिनिटं लागली.” तिनं दुसरा कागद वर धरला. “ज्या नावानं आत शिरले ते नाव माझं आहे. अल्का.”

सभा एकदम उसळली. “मंग तुनच काढले!” असं कोणीतरी पुढून ओरडलं. अल्का आवाज खाली बसेपर्यंत उभी राहिली.

“त्या वेळी मी गोंदियाला दवाखान्यात होती. पासवर्ड मी फोनवर सांगितला.” तिनं कागद टेबलावर ठेवला. “हिरालाल बाबूजींना सांगितला. दुसऱ्या कोणाले नाही.”

हिरालालनी मान वर केली नाही. त्यांच्या हातातला पेन कागदावर टेकलेला होता आणि टेकल्या जागी शाईचा ठिपका पसरत चालला होता. ते कोणाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरपुढं बसले असतील हे शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येकजण केवळरामकडं सोडून दुसरीकडं पाहत होता.

केवळरामनं मोठा सुस्कारा सोडला आणि तो लग्नघरातल्या वडीलधाऱ्याच्या आवाजात बोलू लागला.

“देखो, इन्सान आहे. पोरीनं पासवर्ड देला, तिची गलती. सचिवजीच्या हातून काही इकडचं तिकडं दबलं असन, त्यांची गलती. दोघंही आपलेच. तीस वर्षं या मानसानं संस्थेसाठी हाडं झिजवली. मी अध्यक्ष म्हनून दोघाईलेही माफ करतो. सभेनं बी माफ करावं. यादी सुधारली, दिल साफ. चहा बोलवा.”

किती सोपं करून टाकलं त्यानं. शेडमध्ये सगळ्यांचे खांदे सैल झाले. भांडण नको, कोणाच्या पोटावर पाय नको, हे गावाला नेहमीच पटतं. हिरालालनी आता पहिल्यांदा अल्काकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. घे की पोरी, असं काहीतरी होतं. प्रफुल्ल शेडच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानंही श्वास सोडलेला तिला दिसला.

“मले माफ करू नका,” अल्का म्हणाली.

“काय?”

“ठराव क्रमांक नऊ. दोन वर्षांपूर्वी याच सभेनं केला. बाबूजींच्या हातचा लिहिलेला आहे, त्याच रजिस्टरमध्ये.” तिला पान शोधायची गरज नव्हती. “देणारा व वापरणारा दोघांसही आमसभेने कामावरून कमी करावे. देणारी मी. माझ्यापासून सुरू करा.”

“पागल झाली का? नोकरी नको तं राजीनामा दे.”

“राजीनामा नाही देणार. राजीनामा दिला तर मी माझ्या मर्जीनं गेली असं होते. मले सभेनं ठरावानं काढलं पाहिजे.”

“काऊन पन?” पुढच्या रांगेतल्या जागेश्वरनं विचारलं. तो खरंच गोंधळला होता.

“कारण मले सोडलं तर बाबूजींनाही सोडा लागते. आन आज सोडलं तर निवडणुकीच्या आधी परत कोणी तरी बिघडंन, माफ होईन, चहा येईन.” ती केवळरामकडं वळली. “मत घ्या, अध्यक्ष साहेब. मी तुमाले माफी मागितली नाही, तर तुमी देता कशी?”

केवळराम हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. मग त्याला वाटलं असावं की ठीक आहे, पाहू. हिनं वाचवलेल्या सतराजणीच हात वर करणार नाहीत, ठराव पडेल, आणि एक पडला की दुसरा मांडायची सोयच उरत नाही.

“ऑपरेटर अल्का रामटेके हिला कामावरून कमी करण्यात यावे,” तो मुद्दाम हळूहळू म्हणाला. “बाजूनं कोन?”

एकही हात वर झाला नाही. बाहेर काठावर बगळा ओरडल्याचं आत ऐकू आलं.

“आमचे नाव जिनं आनले तिलेच काढाचं का?” मागून शकुंतलाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. “हे आमच्यानं नाही होनार, बाई.”

अल्का बोलली असती तर ती विनवणी झाली असती, आणि कशाची विनवणी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिनं फक्त भिंतीकडं पाहिलं. पार्वताबाई तिच्याकडंच पाहत होती, परवा दाराशी उभी राहून पाहत होती तशी. पण आज अल्कानं नजर खाली घातली नाही.

पार्वताबाईनं गुडघ्यावर हात टेकला, उठून उभी राहिली आणि उजवा हात सरळ वर केला.

शकुंतलाबाईनं तिचा पदर ओढला. पार्वताबाईनं तो सोडवून घेतला. मग रुख्माबाईचा हात वर गेला, मग तिच्या शेजारणीचा, आणि मग रडत रडत शकुंतलाबाईचाही. पुढं सतरंजीवर जागेश्वरनं मागं वळून पाहिलं, डोकं खाजवलं आणि हात वर केला. त्याच्यानंतर पुरुषांचे हात एकेक करून उठायला लागले. काही समजून, काही शेजाऱ्याचं पाहून. अल्काला रडू आलं, आणि नेमकं आता रडू येतंय याचा तिला भयंकर राग आला. नोकरी गेली होती. तिनंच घालवली होती. तरी गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला छातीत मोकळं वाटत होतं.

केवळरामनं हात मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या पुढं गेल्यावर त्याचा आवाज बारीक होत गेला.

“एकसष्ट,” तो शेवटी म्हणाला. “मंजूर. लिहा, सचिवजी.”

हिरालालनी लिहिलं नाही. सभेतले हात हळूहळू खाली आले. मागं पार्वताबाईचा तेवढा तसाच वर होता.

“झालं ना मोजून,” केवळराम त्रासून म्हणाला. “कर ना खाली.”

“राहू दे गा,” पार्वताबाई म्हणाली. “दुसरं नाव घे.”